शनिवारचं विंडसर: सकाळी लंडनहून, संध्याकाळी परत

आदली संध्याकाळ

विंडसरचा किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. सगळी आखणी इथून सुरू होते. नॉर्मंडीच्या विल्यमने १०७०च्या सुमारास टेम्सकाठच्या चुनखडीच्या टेकाडावर हा किल्ला उभारला. तेव्हापासून चाळीस राजे-राण्यांनी तो वापरला आणि आजही राजा इथे येऊन राहतो. पर्यटकांच्या वेळा घरातल्या माणसांच्या वेळापत्रकावर ठरतात. परदेशी पाहुणे आले किंवा जूनमधला गार्टर या सरदारी मानाचा समारंभ असला की काही दालनं, कधी कधी अख्खा किल्ला, बंद राहतो. रविवारी किल्ला उघडा असतो, पण त्यातलं सेंट जॉर्ज चॅपल फक्त उपासनेसाठी असतं. चॅपल न बघता विंडसरहून परतणं म्हणजे गाभाऱ्यात न जाता देवळाच्या पायरीवरून माघारी फिरणं. म्हणजे उरले सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. शाळा-नोकरीवाल्या घराला त्यातला शनिवारच सोयीचा. तरी तिकीट काढण्याआधी किल्ल्याच्या संकेतस्थळावर त्या तारखेची सूचना वाचावी.

तिकीट आगाऊ काढलं तर दाराशी मिळणाऱ्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं आणि प्रवेशाची वेळही निवडता येते. दहाची वेळ घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. किल्ल्याची व्यवस्था बघणाऱ्या रॉयल कलेक्शन ट्रस्टकडून थेट घेतलेलं तिकीट वर्षभराच्या पासात बदलून मिळतं. बाहेरच्या एजंटाकडच्या तिकिटाला ही सवलत लागू नसते. उन्हाळ्यात आई-वडील सहा महिन्यांसाठी आले असतील, तर पुन्हा जाणं होतंच. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी किल्ल्यातच चौकशी करून पासाचं काम उरकून घ्यावं.

रेल्वेसाठी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात, पण सोबत निदान एक मूल असलंच पाहिजे. फक्त दोघे मोठे निघाले तर हे कार्ड चालत नाही.

पिशवी लहान ठेवा. दाराशी विमानतळासारखी तपासणी होते, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. आजोबांच्या खिशातला अडकित्ता आणि डब्यासोबत ठेवलेली फळं कापायची सुरी घरीच काढून ठेवा. ऐन रांगेत हेच सापडतं आणि सगळ्यांचा खोळंबा होतो. पाण्याची बाटली आत चालते, डबा उघडून खाता येत नाही. म्हणून जेवण असं न्यावं, जे दुपारी दोनपर्यंत पिशवीत नीट राहील आणि बागेत बसून हातावर खाता येईल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, नाहीतर बटाट्याची सुकी भाजी. दहीभात नेऊ नका, तो सांडतो. पायात बूट हवेत. आवारात जागोजागी गोटे बसवलेले आहेत आणि चढउतार बराच आहे. सपाट चपला घातलेल्या आजीचे तळपाय अकरापर्यंतच दुखायला लागतात. जुलैतही प्रत्येकाकडे एक अंगभर जाकीट असावं.

सकाळी साडेआठ ते पावणेदहा

विंडसरला दोन स्टेशनं आहेत आणि दोन्ही १८४९ची. पॅडिंग्टनहून गेलं तर स्लाव येथे गाडी बदलून विंडसर अँड ईटन सेंट्रल. वॉटर्लूहून थेट गाडीने साधारण तासाभरात विंडसर अँड ईटन रिव्हरसाइड. सेंट्रल टेकाडावर, किल्ल्याच्या दारापासून दोन-तीन मिनिटांवर आहे. रिव्हरसाइड खाली नदीकाठी आहे आणि तिथून किल्ल्यापर्यंत सगळा चढ. आमचं मत ठाम आहे: सकाळी सेंट्रलला उतरा, दिवसभर हळूहळू उताराने नदीकडे या आणि संध्याकाळी रिव्हरसाइडहून परता. वयस्कर माणसांचा एक मोठा चढ त्यात वाचतो. मात्र दोन स्टेशनांवर दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, त्यामुळे परतीचं तिकीट दोन्ही मार्गांना चालतं का, हे घेतानाच विचारावं. चालत नसेल तर जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन सुटी तिकिटं घेऊन हिशेब करून बघा.

पॅडिंग्टनहून स्लावला थेट जलद गाडी पकडली तर वीस मिनिटांच्या आत पोचता येतं, एलिझाबेथ लाइनच्या गाडीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. स्लावला विंडसरची छोटी गाडी एक नंबरच्या फलाटावर उभी असते. ती दर वीस ते तीस मिनिटांनी सुटते आणि सहा मिनिटांत पोचते. बदलीत एक गाडी चुकली तर अर्धा तास तिथेच जातो, म्हणून पॅडिंग्टनहून साडेआठच्या सुमारास निघावं.

या सहा मिनिटांत डाव्या खिडकीशी बसा. सपाट शेतांपलीकडे आधी ईटन कॉलेज या जुन्या शाळेच्या चॅपलचे सुळके दिसतात, मग गाडी उंच विटांच्या कमानींवर चढते आणि समोर पूर्ण किल्ला, मधोमध गोल बुरूज. गाडी टेम्स ओलांडते तो पूल ब्रुनेल या इंजिनिअरचा आहे. १८४९चा, घडीव लोखंडाच्या कमानीचा, मध्ये एकही खांब न घेता साठ मीटरहून जास्त रुंदी पार करणारा. आजही रोजच्या गाड्या त्यावरून जातात.

किल्ला दहाला उघडतो. त्याआधीचा अर्धा तास गावाला द्यावा, कारण दुपारी याच हाय स्ट्रीटवर गर्दीमुळे धड उभंही राहता येत नाही. स्टेशनातून बाहेर आलं की समोर राणी व्हिक्टोरियाचा १८८७चा ब्राँझचा पुतळा, आणि उजवीकडे थोड्या अंतरावर गिल्डहॉल, म्हणजे जुनं नगरभवन. त्याचं बांधकाम १६८९मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनच्या देखरेखीखाली पुरं झालं. खालच्या मोकळ्या जागेत मधले खांब नीट बघा. त्यांची डोकी छताला टेकत नाहीत, मध्ये बोटभर फट आहे. गावच्या कारभाऱ्यांनी वरच्या मजल्याच्या भीतीपोटी खांबांचा आग्रह धरला आणि रेनने ते मुद्दाम आखूड ठेवले, अशी आख्यायिका सांगतात. मुलांना खांबाला पाठ लावून वर बघायला सांगा, फट तेव्हाच दिसते.

गिल्डहॉलला चिकटून एक वाकडं घर आहे. १६८७मध्ये पुन्हा बांधलेलं, आता सरळ म्हणावी अशी त्याची एकही बाजू उरलेली नाही. ते न वाळवलेल्या, ओल्या ओकच्या लाकडाचं बांधलं होतं. लाकूड सुकताना आकसतं आणि पिळतं. शेजारची घरं उभी होती तोवर त्यांनी याला दोन्हीकडून धरून ठेवलं, पुढे ती पाडली आणि हे कललं. हे ओलं ओक लक्षात ठेवा, दुपारी किल्ल्यात पुन्हा भेटणार आहे.

हाय स्ट्रीटवरच एक निळी टपालपेटी आहे. बाकी देशातल्या पेट्या लाल, ही निळी, कारण सप्टेंबर १९११मध्ये हेंडनहून विंडसरला विमानाने टपाल आलं त्याची ती खूण आहे. हे टपाल जमवून आणणारा वॉल्टर विंडहॅम त्याच वर्षी फेब्रुवारीत अलाहाबादला होता. १८ फेब्रुवारी १९११ला अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने गेली. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते. आपल्याकडचं उड्डाण आधीचं आणि विंडसरचं नंतरचं, हे मुलांना इथे उभं करून जरूर सांगावं.

पावणेदहाला रांगेत.

दहा ते पावणेअकरा: चॅपल

तपासणीनंतर माहिती सांगणारं यंत्र मिळतं, ते तिकिटातच असतं. मुलांसाठी वेगळं निवेदन आहे, ते मागून घ्या. आत शिरल्यावर आपण किल्ल्याच्या मधल्या भागात, गोल बुरुजाच्या पायथ्याशी असतो. बुरुजावरचा झेंडा आधी बघून घ्यावा. राजा मुक्कामाला असेल तर शाही निशाण, नसेल तर युनियन जॅक.

इथून बहुतेक सगळे लोंढ्याने वर, राजदालनांकडे निघतात. तुम्ही उलट खाली, चॅपलकडे जा. याला तीन कारणं आहेत. दहा वाजता चॅपल जवळजवळ रिकामं असतं. अकराची पहारेबदली पुष्कळदा चॅपलसमोरच्याच अंगणात होते, त्यामुळे जागा आपसूक मिळते. आणि चॅपलमध्ये पर्यटकांचा शेवटचा प्रवेश दुपारी चारला असतो, मधे काही प्रार्थनासभा आली तर त्याआधीही दार बंद होतं. सगळं बघून शेवटी चॅपल ठेवणाऱ्यांची हीच फसगत होते.

हे चॅपल चौथ्या एडवर्डने १४७५मध्ये सुरू केलं आणि आठव्या हेन्रीच्या काळात, १५२८मध्ये पुरं झालं. बाहेरून छताच्या कडेला बघा. सिंह, हरीण, ड्रॅगन असे ७६ दगडी प्राणी आहेत, प्रत्येक कुठल्या ना कुठल्या राजघराण्याचं चिन्ह. आत मान वर करून दगडी छत पाहा. पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या दगडी शिरा इतक्या सपाट कमानीत बसवल्या आहेत की एवढं वजन कसं पेललंय, हा प्रश्न पडतोच. उत्तर बाहेरच्या भिंतींना टेकलेल्या दगडी धिऱ्यांमध्ये आहे. छताचा रेटा त्या जमिनीत उतरवतात.

वेळ मात्र क्वायरमध्ये, म्हणजे चॅपलमधल्या लाकडी आसनांच्या भागात द्यावा. तिसऱ्या एडवर्डने १३४८मध्ये स्थापन केलेल्या ऑर्डर ऑफ द गार्टरच्या सरदारांची ही बैठक. राजा आणि युवराज सोडून एका वेळी फक्त चोवीस मानकरी. प्रत्येकाच्या आसनावर त्याचा झेंडा, शिरस्त्राण आणि तुरा लावलेला असतो. माणूस गेला की ते सगळं उतरवतात. आसनाच्या पाठीला ठोकलेली त्याची धातूची पाटी तेवढी कायम राहते. म्हणून एकाच लाकडी पाठीवर सहाशे वर्षांच्या पाट्या दाटीवाटीने बसल्या आहेत. काही हाताच्या पंजाएवढ्या, काहींचा मीना अजून लाल-निळा चमकतो, आणि सर्वांत जुन्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या. हात लावायचा नाही, पण वाकून जवळून बघता येतं. एकेका पाटीवरचं लहानसं चित्र ओळखायला मुलांना पंधरा मिनिटंही पुरत नाहीत.

याच क्वायरच्या फरशीत एक काळी शिळा आहे. तिच्याखाली आठवा हेन्री, त्याची राणी जेन सेमूर आणि शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स. लोक त्यावरून चालत पुढे जातात, म्हणून मान खाली घालून शोधा. उत्तरेच्या बाजूला सहाव्या जॉर्जचं छोटं स्मृतिचॅपल आहे. तिथल्या शिळेवर चार नावं: जॉर्ज, त्याची पत्नी एलिझाबेथ, मुलगी राणी दुसरी एलिझाबेथ आणि तिचा पती फिलिप. इथे रांग थांबत नाही, हळूहळू सरकत राहावं लागतं. राणीची समाधी बघायचीच या इच्छेने आलेल्या आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा की जागा लहान आहे आणि दर्शन अर्ध्या मिनिटाचं.

अकरा ते पावणेबारा: पहारेबदली

पहारेबदली साधारणपणे गुरुवारी आणि शनिवारी, किल्ला उघडा असतानाच्या वारांत, सकाळी अकराला होते. तारखा आधी जाहीर होतात. जोराचा पाऊस असला की रद्द. नवी तुकडी पावणेअकराच्या सुमारास शीट स्ट्रीटवरच्या व्हिक्टोरिया बराकीतून निघते आणि हाय स्ट्रीटवरून किल्ल्यात येते. किल्ल्याचं तिकीट नसलेल्यांना हा भाग रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट दिसतो.

सगळा समारंभ पाऊण तासाचा आहे. लहान मुलांचं लक्ष पहिल्या दहा मिनिटांनंतर उडतं. त्यावर उपाय म्हणजे कोटाची बटणं मोजणं. अस्वलाच्या केसांची टोपी, तुरा सोडला तर, पाचही पलटणींची सारखीच दिसते, पण लाल कोटावरच्या बटणांची मांडणी वेगळी असते. एकेक सुटं बटण म्हणजे ग्रेनेडियर, जोड्या म्हणजे कोल्डस्ट्रीम, तिनाचे गट स्कॉट्स, चाराचे आयरिश, पाचाचे वेल्श. थंडीत मोठे करडे कोट असतात, बटणांचा नियम त्यांनाही तोच.

ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी या वेळात वर निघावं. चढ सावकाश पार करायला पंधरा मिनिटं धरा. चाकाची खुर्ची किल्ल्यात मागून मिळते, पण गोट्यांवर ती ढकलायला दणकट माणूस लागतो.

बारा ते पावणेदोन: वरचा भाग

राजदालनांत शिरण्यापूर्वी दोन गोष्टी करा. एक, स्वच्छतागृह. आतला मार्ग एकाच दिशेने जातो आणि मधून मागे फिरणं कठीण असतं. दोन, बाबागाडी जमा करणं. आत ती नेता येत नाही. बदल्यात बाळाला अंगाशी बांधायची झोळी मिळते. भूक लागली असेल तर किल्ल्यातच २०१९मध्ये सुरू झालेलं अंडरक्रॉफ्ट कॅफे आहे. तिसऱ्या एडवर्डच्या काळातलं दगडी कमानींचं तळघर ते. चहा आणि केक घेऊन दहा मिनिटं बसायला उत्तम, पूर्ण जेवण तिथे महाग पडतं.

आधी बाहुलीघर. क्वीन मेरीसाठी वास्तुविशारद एडविन लट्यन्सने १९२१ ते १९२४मध्ये हे केलं. तेव्हाच तो नव्या दिल्लीचंही काम बघत होता. सगळं एकास बारा या मापात: खऱ्या घरात जिथे फूट तिथे इथे इंच. विजेचे दिवे लागतात, नळाला गरम-गार पाणी येतं, लिफ्ट चालतात, तळघरातल्या नखाएवढ्या बाटल्यांत खरी दारू आहे आणि ग्रंथालयातली पुस्तकं त्या काळच्या लेखकांनी त्यासाठी लिहून दिलेली आहेत. खोली अंधारी, घर काचेआड आणि लोक चारही बाजूंनी फिरतात. लहान मुलांना वरचे मजले दिसत नाहीत, त्यांना कडेवर घ्यायला तयार राहा. घाई केली तर फक्त एक सुंदर खेळणं दिसतं. एकच खोली निवडून ती नीट बघितली, तर टेबलावरच्या सुऱ्या-काट्यांपर्यंत नजर पोचते.

मग भव्य जिना चढून ग्रँड व्हेस्टिब्यूल. भिंतभर शस्त्रं आणि काचेच्या कपाटांत लढायांची लूट. यातच टिपू सुलतानाच्या सिंहासनाचं वाघाचं डोकं आहे. लाकडावर सोन्याचा पत्रा, दात आणि डोळे स्फटिकाचे. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाचं हे. जबडा उघडा आहे, त्यामुळे खालून बघितलं की जीभ दिसते.

त्या मोहिमेत आर्थर वेलस्ली नावाचा अधिकारी होता. पुढच्याच दालनात, वॉटर्लू चेंबरमध्ये, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून त्याचं टॉमस लॉरेन्सने काढलेलं चित्र आहे. नेपोलियनला हरवणाऱ्या राजांची, सेनापतींची आणि मुत्सद्द्यांची चित्रं इथे एकत्र लावलेली आहेत. मराठी माणसाने या चित्रासमोर जरा थांबावं. वॉटर्लूच्या लढाईच्या बारा वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ला, हाच माणूस आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. डिसेंबरात त्याने गाविलगडही घेतला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव एका परिच्छेदात येतं, इथे त्याला भिंतीवर मानाची जागा आहे.

पायांखाली बघायला विसरू नका. या दालनाचा गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणला. एकसंध, कुठेही शिवण नाही आणि वजन सुमारे दोन टन. १९९२च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले.

ही आग २० नोव्हेंबर १९९२ला लागली. राणीच्या खासगी चॅपलमध्ये पडद्याला टेकलेल्या दिव्याने ती पेटली, पंधरा तास जळत राहिली आणि ११५ खोल्यांचं नुकसान झालं. दुरुस्ती बरोबर पाच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९९७ला संपली. सुमारे साडेतीन कोटी पौंडांहून जास्त खर्च आला. त्यातला मोठा भाग बकिंगहॅम पॅलेस पर्यटकांसाठी उघडून तिकिटांतून उभा केला गेला.

जळालेल्या सेंट जॉर्ज हॉलचं नवं छत हे या दालनांतलं सगळ्यात बघण्यासारखं काम आहे आणि लोक ते वर न बघताच ओलांडतात. सकाळच्या वाकड्या घराचं तेच ओलं ओक इथे जाणूनबुजून वापरलंय. ओलं लाकूड कापायला मऊ असतं आणि सुकताना सांधे आवळत जातात. पण सुकताना ते किती आणि कुठल्या दिशेला आकसेल, हे धरून सांधा बेतावा लागतो. सुताराने ते धरलं तर छत घट्ट होतं, नाही धरलं तर घर वाकडं होतं. तुळयांच्या शेवटी, जिथे एक लाकूड दुसऱ्यात शिरतं, तिथल्या भेगा शोधा. सुकताना पडलेल्या या भेगा लांबीच्या दिशेनेच जातात, त्यामुळे तुळईचं बळ कमी होत नाही. छतावर गार्टरच्या सगळ्या मानकऱ्यांची ढालचिन्हं ओळीने आहेत. मधूनच कोऱ्या पांढऱ्या ढाली दिसतील. ज्यांचा मान काढून घेतला गेला, त्यांच्या त्या.

पुढच्या खोल्यांमध्ये चित्रं आणि सोनेरी फर्निचर पुष्कळ आहे. मुलं दमलेली असतील तर तिथे रेंगाळू नका. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत आणखी काही खासगी वळणाची दालनं उघडतात. हिवाळ्यात येणाऱ्यांनी त्यांच्यासाठी जास्तीची वीस मिनिटं धरावीत. बाहेर आल्यावर उत्तरेच्या गच्चीवर दोन मिनिटं थांबा. खाली टेम्स, पलीकडे ईटन. वारा पूर्वेचा असेल तर हीथ्रोला उतरणारी विमानं डोक्यावरूनच जातात, मुलांना ती मोजत बसवा आणि तोवर मोठ्यांनी श्वास घ्यावा.

दुपारी दोन ते पाच: नदी

किल्ल्यातून आठव्या हेन्रीच्या दरवाज्याने बाहेर पडा आणि टेम्स स्ट्रीटने खाली उतरा. नदीकाठच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये डबा उघडायला भरपूर हिरवळ आहे. हंस ताटापर्यंत येतात आणि त्यांना माणसांची अजिबात भीती नाही. लहान मुलाच्या हातात पोळी उघडी ठेवू नका. बाकं बहुतेक भरलेली असतात, म्हणून एक जुनी चादर न्यावी आणि अंथरण्यापूर्वी गवत बघून घ्यावं, हंसांची घाण सगळीकडे असते.

इथे एक निवड करावी लागते. किल्ल्याच्या दक्षिणेला लाँग वॉक ही दुतर्फा झाडांची सरळ वाट आहे, थेट तिसऱ्या जॉर्जच्या घोडेस्वार पुतळ्यापर्यंत, एका बाजूने सव्वाचार किलोमीटर. पुतळा वाटेच्या सुरुवातीपासूनच दिसत असल्याने तो जवळ वाटतो आणि माणूस निघतो. पण जाऊन-येऊन साडेआठ किलोमीटर होतात, आणि किल्ल्यात तीन-चार तास उभं राहिलेल्या मुलांना ते झेपत नाही. हरणं बघण्यासाठी म्हणून जावं तर ती पुढच्या कुंपणाआतल्या भागात असतात. मुलं दहा वर्षांवरची आणि चालणारी असतील तरच हा बेत करा आणि नदी सोडा. लेगोलँड या मुलांच्या खेळबागेचंही तसंच, तो स्वतंत्र अख्खा दिवस आहे.

बाकीच्यांनी चाळीस मिनिटांची बोट घ्यावी. ती काठावरूनच सुटते, ब्रुनेलच्या पुलाखालून प्रवाहाच्या उलट बोव्हनी लॉक या पाणदरवाजाकडे जाते आणि वळून परत येते. सकाळी ज्या पुलावरून आलो, त्याची लोखंडी कमान खालून आता पूर्ण दिसते. परतीला किल्ला सतत समोर राहतो, म्हणून फोटो येताना काढा. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात किंवा बंद असतात.

मग पायी पूल ओलांडून ईटन. १८२४चा हा ओतीव लोखंडाचा पूल १९७०पासून गाड्यांना बंद आहे, मुलांना मोकळं सोडता येतं. ईटनचा हाय स्ट्रीट सपाट आहे, वीस मिनिटांत कॉलेजच्या दारापर्यंत पोचता येतं. सहाव्या हेन्रीने १४४०मध्ये सत्तर गरीब मुलांसाठी ही शाळा काढली. आत फक्त ठरलेल्या दिवशी आणि आगाऊ नोंदणी करून जाता येतं. नोंदणी नसेल तर बाहेरूनच चॅपल बघून परत फिरा. वेलस्ली भाऊ दोघेही इथले विद्यार्थी. थोरला रिचर्ड गव्हर्नर जनरल असताना, ३१ डिसेंबर १८०२ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली, आणि त्या तहातूनच पुढच्या वर्षी असई घडली. रिचर्डला १८४२मध्ये याच चॅपलमध्ये पुरलं. रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या उंच खिडक्यांच्या आत तो आहे.

पाचनंतर

पायांत बळ असेल तर शेवटी पुन्हा किल्ल्यातलं सेंट जॉर्ज चॅपल. बहुतेक संध्याकाळी सव्वापाचला तिथे इव्हनसाँग ही गायनप्रार्थना असते, तिला तिकीट लागत नाही. आठव्या हेन्रीच्या दरवाज्याशी पहारेकऱ्याला सांगितलं की आत सोडतात. सुमारे पाऊण तास शांत बसावं लागतं, म्हणून अगदी लहान मुलांना घेऊन एकाने बाहेर थांबावं. शाळांच्या सुट्ट्यांत गायकवृंद नसतो, तेवढं त्या दिवसाच्या वेळापत्रकात बघून घ्या.

नाहीतर सरळ रिव्हरसाइड स्टेशन. पुलापासून पाच मिनिटं, रस्ता सपाट. वॉटर्लूच्या गाड्या साधारण अर्ध्या तासाने असतात आणि इथूनच सुटत असल्याने सगळ्यांना एकत्र बसायला जागा मिळते. उजव्या खिडकीशी बसा. गाडी डॅचेटकडे वळेपर्यंत होम पार्कच्या गवतामागे किल्ला दिसत राहतो, आणि ऊन पश्चिमेचं असल्याने गोल बुरूज त्या वेळी काळा दिसतो.